तेराव्या पानावरची खोली

साकेत नगर, भोपाळ
सोमवार, ३ मार्च २०२५

चि. स्वरदा,
आशीर्वाद.

काल, रविवार दि. २ मार्च रोजी, दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी, अयोध्या नगरच्या घरात, बाहेरच्या खोलीत, तुझ्या आईने ऑपरेशन करून घ्यायला नकार दिला. वेळ मी घड्याळात पाहिली. चौतीस वर्षं सचिवालयात काढलेल्या बाईला ती सवय असते. नकाराचं कारण तू आहेस.

रागावू नकोस असं मी म्हणणार नाही. रागवायची पाळी माझी आहे.

तू जलरंगात रंगवलेल्या टॅरोच्या, म्हणजे भविष्य बघायच्या, बावीस पानांचा नमुना तिला शुक्रवारी मिळाला. लेकीचं पहिलं मोठं काम म्हणून तिने तो देवाजवळ ठेवला, हळदकुंकू लावलं. (पेटीच्या झाकणावर डाग पडला आहे. तो तुझ्याच माथी.) काल शेजारची शोभा आली. पिपलानीच्या कारखान्याच्या क्वार्टर्सपासूनची शेजारीण, तुला माहीत आहे. जिथे चार माणसं बसतात तिथे पाचवी होऊन काहीतरी काढते. म्हणाली, "चला, एकेक पान ओढू या. बघू कुणाचं काय निघतं!"

मी म्हटलं, माझ्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर लोकांनी हे असलं सगळं पापात धरलं होतं. तर तुझी आई म्हणते, "ताई, त्यांनी कैरी खाणंही पापात धरलं होतं. ओढ गप."

शोभाला 'तारका' आली: टँकरच्या नळाखाली दोन बादल्या भरणारी बाई. शोभा खूश. मला 'न्याय' आला. हातात भाजीवाल्याचा तराजू, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा आणि अंगावर निळी साडी. ती साडी माझी आहे, स्वरदा. तो चष्माही माझा आहे. "अय्या, ही तर शशीताई!" म्हणून शोभा इतकी हसली की तिच्या बशीतला चहा सांडला. मी परवानगी दिल्याचं मला आठवत नाही. हा विषय वेगळा आहे. त्यावर नंतर बोलू.

मग लीलाने ओढलं. तेरा नंबर. खाली तुझ्या सुबक अक्षरात: मृत्यू.

तिने ते पान डोळ्यांजवळ धरलं. कप खाली ठेवला. आणि म्हणाली, "ताई, मी दोन एप्रिलला दवाखान्यात नाही जाणार."

मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. कारण विचारलं तर "पान निघालं ना" एवढंच. शोभाने तुझी माहितीपुस्तिका उघडून वाचून दाखवली की हे पान मरणाचं नसतं, बदलाचं असतं. तिने ऐकून घेतलं आणि कांदे चिरायला आत गेली.

तुला परिस्थिती माहीत आहे, तरी लिहिते. हृदयाची झडप. चार महिने थांबल्यावर तारीख मिळाली आहे: २ एप्रिलला भरती, ४ तारखेला ऑपरेशन. ही गेली तर पुढची पावसाळ्यात. तोपर्यंत झडप तग धरेल याची हमी डॉक्टर देत नाहीत. ते मला स्पष्ट शब्दांत म्हणाले, आणि मी पुन्हा विचारलं तेव्हा आणखी स्पष्ट शब्दांत म्हणाले.

सदुसष्ट वर्षांची शहाणी बाई एका रंगवलेल्या पुठ्ठ्यामुळे जिवावर उदार होते, आणि तो पुठ्ठा तिच्या स्वतःच्या मुलीने टपालाने पाठवलेला असतो! तू चित्रं काढायला शिकलीस तेव्हा मला अभिमान वाटला होता. अजून वाटतो. पण काय काढावं आणि कुणाला कधी पाठवावं, हे कोण शिकवणार होतं?

तू काढलंस, तू निस्तर.

शशीमावशी

---

पुणे
८ मार्च २०२५

ती. शशीमावशीस,
सा. नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. तेव्हापासून तीनदा आईला फोन केला. ती माझ्या जेवणाची चौकशी करते, लाडक्या जावयाच्या, गौरांगच्या, खोकल्याची करते आणि ठेवून देते. ऑपरेशनचं नाव काढलं की "कुकरची शिट्टी झाली" म्हणते. मावशी, तिच्या कुकरला इतक्या शिट्ट्या होत नाहीत.

तू फोनवर अशा गोष्टी बोलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. चूक माझीच. पण ते पान मी का तसं काढलं हे तरी ऐक.

जुन्या संचांत तेराव्या पानावर पांढऱ्या घोड्यावरचा सांगाडा असतो. घोड्यापुढे राजा पडलेला, एक लहान मूल फूल घेऊन उभं, आणि मागे दोन बुरुजांमधून सूर्य दिसतो. तो उगवतो आहे की मावळतो आहे हे कुणी ठरवलेलं नाही. अर्थ एवढाच की एक काही संपलं आणि माणूस पुढे निघाला. मला सांगाडा काढायचा नव्हता. संपणं म्हणजे काय, हे आमच्या घरात मी एकदाच पाहिलं: बाबा रिटायर झाले आणि पिपलानीचं क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा. खरं तर पाहिलंही नाही. मी पुण्यात पहिल्या वर्षाला होते, परीक्षा होती. बाबांनी फोनवर सांगितलं तेवढंच. म्हणून घोड्याऐवजी सामानाचा पांढरा टेम्पो आला, राजाऐवजी रिकामी खोली, आणि फुलाऐवजी कुंडीतली तुळस घेऊन दाराबाहेर पडणारी आई. भिंतीवर एक पांढरी चौकट राहिली होती, असं बाबा म्हणाले होते. ती मी तशीच ठेवली. जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, कागद कोरा सोडतात. एकदा रंग लागला की ते पांढरं परत मिळत नाही. त्या चौकटीभोवती मी जीव मुठीत धरून ब्रश फिरवला होता. सगळ्या संचातलं ते माझं आवडतं पान आहे. आईला दिलासा वाटेल असं वाटलं होतं. क्वार्टर गेलं, पण मग अयोध्या नगरचं स्वतःचं घर झालंच ना.

आता आपल्या दुसऱ्या गोष्टीबद्दल. गौरांगने पूर्वेची खोली रिकामी केली आहे. पलंग आला, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला. ऑपरेशननंतर ती इथे आली की कायमची इथेच, हे तिला टाके निघेपर्यंत सांगायचं नाही हे तुझं म्हणणं मी पाळते आहे, पण मला ते जड जातं. घर विकायचं तर ती असताना बघायला माणसं आणणं बरं नाही. छताची गळती बघायच्या निमित्ताने तू जो दलाल आणणार होतीस, तो येऊन गेला का?

बाबा गेल्यापासून सहा वर्षं ती एकटी आहे. रात्री फोन वाजला की मी आधी भोपाळचा नंबर आहे का ते बघते. आपण तिच्या भल्याचंच करतो आहोत ना, मावशी?

तुझी,
स्वरदा

ता. क. 'न्याय' तूच आहेस. मला दुसरं कुणी सुचलंच नाही.

---

साकेत नगर, भोपाळ
बुधवार, १२ मार्च २०२५

चि. स्वरदा,

तुझा ता. क. खुशामत म्हणून नोंदवून घेतला आहे.

दलाल गुरुवारी, २७ फेब्रुवारीलाच येऊन गेला. लीलाला गळतीचंच सांगितलं. तिला काही कळलं नाही. उलट तिने त्याला चहा दिला. भल्याचंच आहे का, असं विचारतेस. मग दुसरं काय? मी एकाहत्तर वर्षांची आहे. साकेत नगरहून अयोध्या नगरला जायला मला दोन बस लागतात. तिला काही झालं तर मी बस बदलत असेन.

तुझी पेटी मी चार दिवस माझ्याकडे आणली होती. म्हटलं, शत्रू नीट पाहून घ्यावा. एकेक पान टेबलावर मांडलं. खोटं बोलणार नाही, काही बरी आहेत. 'निकाला'च्या पानावर देवदूताच्या तुतारीऐवजी कारखान्याचा भोंगा आणि त्या हाकेने झोपेतून उठून स्कूटरी काढणारी माणसं: हे बघून मला हसू आलं आणि मग नाही आलं. 'मुख्य पुजारीण' म्हणून तू दोन खांबांमध्ये जी सिस्टर बसवली आहेस तिचे डोळे हुबेहूब आमच्या हेडमिस्ट्रेसचे कसे जमले? तू तर त्यांना पाहिलेलं नाहीस. 'सामर्थ्य' पाहून मात्र मी चष्मा काढून ठेवला. जुन्या पानांत बाई सिंहाचा जबडा धरते असं तुझी पुस्तिका सांगते. तू लीला काढलीस, क्वार्टरमागच्या त्या चावऱ्या कुत्र्याच्या तोंडात गूळ लावून गोळी सारताना. ती कुत्र्याकडे बघते आहे आणि कुत्रा तिच्याकडे, आणि दोघांतलं कोण जास्त घाबरलं आहे ते कळत नाही. ही बाई दवाखान्यातल्या चाकाच्या खाटेला घाबरेल?

तेव्हा मी एक गोष्ट केली. सांगायला लाज वाटते, पण प्रकरण पूर्ण लिहिलं पाहिजे.

काल तिच्याकडे गेले. जाताना पानं लावून नेली. सगळ्यात वर 'सूर्य'. म्हटलं, अंधश्रद्धाच असेल तर अंधश्रद्धेलाच कामाला लावू. जेवणं झाल्यावर सहज म्हटलं, "लीला, एक दिवस वाईट निघालं म्हणून काय झालं? पुन्हा ओढ."

"ओढते."

"वरचं घे."

"वरचं कशाला? मधलं घेते."

आणि तिने मधलं घेतलं. 'उलटा टांगलेला'. तुझे बाबा, खिडकीतल्या कूलरमध्ये डोकं खाली घालून खस बदलताना, नुसते पाय बाहेर, एका पायात चप्पल. स्वरदा, ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, धाप लागेपर्यंत हसली. "असेच! अस्सेच टांगले राहायचे! आणि आतून ओरडायचे, लीला, पाना दे!" मीही हसले. नीळकंठरावांना मी कधी इतकं उलटं पाहिलं नव्हतं, पण चपलेवरून ओळखले.

मग श्वास जागेवर आल्यावर ती म्हणाली, "ताई, वर सूर्य होता ना?"

मी पेटीचं झाकण लावायला घेतलं.

"पिसताना तू त्याच्यावर अंगठा दाबून ठेवला होतास. कॉन्व्हेंटमध्ये हेच शिकवलं काय तुला?"

"तुझ्या जिवासाठी केलं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तर म्हणते, "माझ्या जिवासाठी तुम्ही काय काय करून राहिल्या, ते दिसतं बाई मला." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणजे तिला आपली माया कळते आहे. पण हट्ट तसाच.

पेटीत एकवीसच पानं आहेत. तेरावं तिच्याकडे आहे. मागितलं तर देत नाही. कुठे आहे विचारलं तर म्हणाली, "माझ्याजवळ." बसच्या घाईत पेटी तिच्याकडेच राहिली, तुझं आठ तारखेचं पत्रही मी त्यातच ठेवलेलं होतं, प्रकरणाचे कागद प्रकरणासोबत या जुन्या सवयीने. पुढच्या खेपेला आणीन.

आता तूच काहीतरी कर. नवं पान काढ. नाव बदल. ते मेलं 'मृत्यू' पुसून टाक.

शशीमावशी

---

पुणे
१७ मार्च २०२५

ती. मावशीस, नमस्कार.

सोबत नवं तेरावं पान आहे. दोन दिवसांत केलं. नाव 'बदल' ठेवलं. खोलीत ऊन जास्त घेतलं, आणि भिंतीवरच्या त्या पांढऱ्या चौकटीवर झेंडूचं तोरण रंगवलं. चित्र म्हणून पहिल्याइतकं चांगलं नाही, पण प्रसन्न आहे. छापखान्यालाही हेच पाठवायचं ठरवलं आहे. आईला दे आणि सांग की पहिलं माझ्याकडून चुकीचं झालं होतं.

एक गोष्ट मला छळते आहे. शनिवारी आईने स्वतःहून फोन केला. इकडचं तिकडचं बोलली, आणि मग एकदम म्हणाली, "पूर्वेच्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे ग?" मी म्हटलं, "कुठली खोली?" ती म्हणाली, "बरं." आणि ठेवून दिला.

मावशी, तिला खोलीबद्दल कुणी सांगितलं? तू तर नाही ना? माझं ते पत्र पेटीतून काढून घेतलंस का?

मी "कुठली खोली" म्हटलं हे मला रात्रंदिवस आठवतं आहे. मी आईशी इतक्या सफाईने खोटं बोलू शकते, हे मला माहीत नव्हतं.

स्वरदा

---

अयोध्या नगर
२१ मार्च

चि. स्वरू,

मी पत्रं लिहीत नाही, तुला माहीत आहे. थोडं लिहिते, थांबते, पुन्हा लिहिते. धाप लागते म्हणून. अक्षर बघू नको.

तुझं नवीन पान परत पाठवते. झेंडू छान आहेत पण ते पान खोटं आहे. पहिलं माझ्याजवळ राहील. ते तू चांगलं काढलंस ग. इतकं चांगलं की मला राहवलं नाही.

तू म्हणतेस भिंतीवर पांढरी चौकट होती. तिथे काय होतं ते तुला तुझ्या बाबांनी सांगितलं नाही. माझा आरसा होता. लग्नात माझ्या आईने नागपूरहून दिलेला, बेलजियमच्या काचेचा, माझ्या खांद्याएवढा. अठ्ठावीस वर्षं मी त्यात केस विंचरले. क्वार्टर सोडायच्या दिवशी तुझे बाबा आणि टेम्पोवाला म्हणाले, हा फुटेल, राहू दे, नवीन घरात बसेल असा नवीन घेऊ. मी तेव्हा स्वयंपाकघरात डबे बांधत होते. बाहेर आले तर खोली रिकामी आणि आरसा क्वार्टर ताब्यात घ्यायला आलेल्या इन्स्पेक्टरच्या माणसाने उतरवून नेलेला. मला कोणी विचारलं नव्हतं. सगळे चांगल्याच मनाने करत होते. तुझे बाबा तर बिचारे इतके दमले होते. मी तुळस उचलली आणि निघाले. तू काढलीस तशीच.

या घरात आल्यावर दुसऱ्या आठवड्यात मी न्यू मार्केटमधून स्वतः आरसा आणला आणि स्वतःच्या हाताने खिळा ठोकला. वाकडा ठोकला. अजून वाकडा आहे. तुझी मावशी आली की दर वेळी म्हणते, हा सरळ कर. मी करत नाही.

गेल्या महिन्यात एका गुरुवारी ती एका माणसाला घेऊन आली. म्हणे गळती बघायला. मी चहा केला. तो माणूस छताकडे एकदाही बघत नव्हता. खोल्यांचे फोटो काढत होता. मग मला विचारतो, "अम्माजी, रजिस्ट्री किसके नाम पे है?" मी म्हटलं, "भैया, पानी छत से टपकता है, रजिस्ट्री से नहीं." तुझी मावशी खोकायला लागली आणि त्याच्याशी इंग्रजीत बोलायला लागली. लहानपणी ती आणि आमचे बाबा असेच माझ्यासमोर इंग्रजीत बोलायचे. एका घरात एक इंग्रजी पुरे म्हणून मला सरकारी शाळेत घातलं होतं. पण स्वरू, भाषा कळली नाही तरी माणूस काय लपवतो ते तोंडावर दिसतं.

तीन दिवसांनी तुझं पान निघालं. रिकामी खोली, टेम्पो, आणि मी दाराबाहेर. खाली काय लिहिलं ते मी नंतर पाहिलं. मला वाटलं, पोरीने मला सांगूनच टाकलं.

मग तुझं पत्र पेटीत सापडलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये. पण त्यात माझाच पलंग होता.

मरणाची भीती नाही असं मी म्हणत नाही. आहे. छाती कापणार म्हणजे भीती वाटणारच. पण त्यातून उठायचं, डोळे उघडायचे, आणि तेव्हा आपलं घर गेलेलं असायचं, हे मला नको. त्यापेक्षा जितके दिवस आहेत तितके इथेच काढीन. वाकड्या आरशात केस विंचरीन.

तुम्ही दोघी वाईट नाही. म्हणून तर तोंडावर बोलवत नाही.

गौरांगला म्हणावं खोकल्याला ज्येष्ठमध घे.

आई

---

साकेत नगर, भोपाळ
शनिवार, २२ मार्च २०२५

चि. स्वरदा,

सोबत तुझ्या आईचं पत्र आहे. ते मी वाचलेलं नाही असं लिहिणार होते. वाचलं आहे. तिनेच पाकीट उघडं ठेवून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "आधी तू वाच. इंग्रजीत नाही आहे."

माझ्या पहिल्या पत्रात एक दुरुस्ती करून घे. अपराध २ मार्चला, चार वाजून चाळीस मिनिटांनी घडलेला नाही. तो गुरुवारी, २७ फेब्रुवारीला, सकाळी सव्वाअकरा वाजता घडला, जेव्हा मी त्या माणसाला घेऊन तिच्या दारात उभी राहिले आणि "गळती" म्हणाले. तो तुझा नाही, माझा आहे. पुण्याची खोली, टाके निघेपर्यंतचं मौन, घर दाखवणं, हे सगळं माझ्या डोक्यातून निघालं. तू फक्त मान डोलावलीस. मी तुझ्यावर चित्राचं खापर फोडलं.

चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या बदल्यांचे आदेश टाइप केले, स्वरदा. कोण कुठे जाणार हे त्या माणसाआधी मला कळायचं. तेव्हा मला कधी वाटलं नाही की ते सांगताना कुणी समोर बसून बघावं त्याचा चेहरा कसा होतो. काल मी बघितला. पत्र वाचून झाल्यावर मी म्हटलं, "लीला, मला माफ कर," तर ती म्हणाली, "माफ काय करायचं, तू भाजी आणलीस का?" मी भाजी आणली नव्हती. मग आम्ही दोघी कोपऱ्यापर्यंत जाऊन पालक आणला. ती तीनदा थांबली. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा तिच्या ओठांचा रंग मला आवडला नाही. म्हणून हे पत्र आजच पोस्टात पडतं आहे.

पालक निवडता निवडता आम्ही बोललो. तिचं म्हणणं मी तिच्याच शब्दांत उतरवून घेतलं आणि वाचून दाखवलं. तिने दोन ठिकाणी दुरुस्ती केली. ऑपरेशन करून घ्यायला ती तयार आहे. त्याबदल्यात तिला हमी हवी. रुग्णालयातून ती थेट अयोध्या नगरच्या घरी येईल. ते घर कुणी कुणाला दाखवणार नाही, ती हयात आहे तोवर, ती राजी असल्याशिवाय. पुण्याला यावंसं वाटलं तर ती स्वतः सांगेल, आणि परतीचं तिकीट काढूनच निघेल. पूर्वेच्या खोलीतला पलंग राहू दे, ती पाहुणी म्हणून त्यावर झोपेल. दांडा चांगला आहे असं तिने मुद्दाम लिहायला सांगितलं आहे.

मग तिची काळजी कोण घेणार, असं तू विचारशील. मी. मी माझं घर तीन महिने बंद करून तिच्याकडे राहायला जाते आहे. दोन बस बदलण्यापेक्षा हे सोपं आहे, आणि हे मला आधी का सुचलं नाही याचं उत्तर मला बरं दिसत नाही. तिने मलाही अटी घातल्या आहेत. तिच्या चहातली साखर मोजायची नाही. आरशाला हात लावायचा नाही. आणि तिच्याबद्दल कुणाशीही, डॉक्टरांशीसुद्धा, बोलायचं ते तिच्यासमोर आणि तिला कळेल अशा भाषेत. मी मान्य केलं. सही केली. शोभाने साक्षीदार म्हणून केली. तिला काय चाललं आहे ते अर्धंच कळलं होतं, पण सही तिने फार आनंदाने केली.

छापखान्याला पहिलंच पान पाठव. त्या पांढऱ्या जागेत काहीही भरू नकोस. नावही तेच राहू दे. तिला त्या शब्दाचं काही नाही. ती म्हणते, लिहायचं ते लिहावं, फक्त ज्याचं आहे त्याला आधी दाखवावं.

आता तुझी सही राहिली. गौरांगचीही हवी. फोन करू नकोस. आपण दोघींनी तिला तोंडी इतकं खोटं सांगितलं आहे की आता खरंही तिला तोंडी पटणार नाही, आणि तिचा दोष नाही. २ एप्रिलला सकाळी आठ वाजता भरती आहे. तिची पिशवी खाटेखाली रिकामी आहे. कागद हातात आल्याशिवाय ती त्यात टॉवेलसुद्धा ठेवणार नाही, असं तिने मला सांगितलं आहे आणि माझा तिच्यावर विश्वास आहे. रविवारी पाडवा, सोमवारी ईद, दोन्ही दिवस टपाल येणार नाही. मंगळवारवर मी जीव टांगणार नाही.

तेव्हा लेखी उत्तर, दोघांच्या सह्यांसह, शनिवार दि. २९ मार्च २०२५, दुपारी बारा वाजेपर्यंत अयोध्या नगरच्या पत्त्यावर पोहोचलं पाहिजे. पाकिटावर नाव माझं घालू नकोस. श्रीमती लीलावती नीळकंठ देवपुजारी, असं पूर्ण लिही. उघडेल ती.

शशिकला